सबनीसांचा क्लच

दिल्लीत असताना सोमवार ते शुक्रवार मला घड्याळ उठवायचं, शनिवारी मी मनसोक्त झोपायचे आणि रविवारी मला सबनीस उठवायचे. बरोबर आठ वाजता खालून आवाज यायचा. टक्. थोडा वेळ काही नाही. परत टक्. मोटारसायकलच्या क्लचची दांडी दाबून सोडली की होतो तो आवाज. मयूर विहारच्या त्या तिमजली इमारतीत राहायला आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी दोनदा बाल्कनीत जाऊन रागानं खाली पाहिलं. दोन्ही वेळा त्या माणसानं वर मान करून, पाना हातात तसाच धरून, "नमस्कार वैद्यबाई" म्हटलं. मराठीत. त्या गल्लीत मला मराठीत नमस्कार करणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे रागवायचं राहूनच गेलं.

सबनीस तळमजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या मजल्यावर. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढत काढत निवृत्त झालेले, आणि मी बदलीवर आलेली सेक्शन ऑफिसर. नवरा आणि मुलगा पुण्यात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी होती, मुक्ता. ती गुडगावला नोकरी करत होती, चौदाव्या मजल्यावर राहत होती, आणि दिवाळीला व गणपतीत कॅबनं येऊन जात होती. हे सगळं मला पहिल्या वर्षात तुकड्यातुकड्यानं कळलं, कारण सबनीस स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. गाडीबद्दल मात्र विचारलं नाही तरी बोलत.

माणूस उंच, हाडापेरानं मोठा, हात तर असे की चहाचा कप त्यांत दिसायचा नाही. पण त्या हातांचं काम अगदी बारीक. घरात जिथे तिथे त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', गॅसच्या मागे 'निघताना बंद', सगळं नकाशावरच्या ठाशीव, सरळ अक्षरांत. दुधाची पिशवी ते कात्रीनं कोपऱ्यात बरोबर तिरकी कापायचे. वर्तमानपत्राची घडी नकाशाच्या घडीसारखी, मथळा बाहेर राहील अशी. मी एकदा चिडवलं, की काका, पोळ्याही कंपासनंच लाटता का? त्यांनी गंभीरपणे सांगितलं की पोळी गोल नसली तरी चालते, जाडी सगळीकडे सारखी हवी.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची काळी, जुनी, वजनदार मोटारसायकल. तिला कुठल्याही मिस्त्रीचा हात लागलेला त्यांना चालत नसे. आपल्याला आपल्या एका गाडीचा आवाज ऐकायचा असतो, मिस्त्रीला दिवसात दहा गाड्यांचे ऐकावे लागतात, तो बिचारा कुठे कुठे लक्ष देणार, असं त्यांचं म्हणणं. रविवारी ते जिन्याखाली जुन्या फलाटीनचा तुकडा अंथरायचे. त्यावर पाने उंचीप्रमाणे मांडायचे. शेवटी एक प्लॅस्टिकचा तुटका तुकडा ठेवायचे. तो त्यांच्या ऑफिसातल्या गुण्याचा कोपरा होता, नकाशे काढताना काटकोनासाठी वापरतात त्या गुण्याचा. क्लचच्या दांडीला थोडा सैलपणा ठेवावा लागतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अजिबात सैल नसेल तर क्लचच्या प्लेटी घसरतात आणि जळतात. फार सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना गाडी खाट् करून वाजते आणि सिग्नलला उभी असताना पुढे पुढे सरकते. दांडीच्या मुळाशी गुण्याचा तुकडा अलगद बसला पाहिजे, ना घट्ट ना ढिला. गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या ते याच तुकड्यानं लावून द्यायचे. समोरच्या ब्लॉकमधले सरदारजी ऑफिसर आपली गाडी घेऊन यायचे तेव्हा सबनीस तुकडा लावून म्हणायचे, "लीजिए, अब यह आपकी बात मानेगी."

त्यांची स्वतःची गाडी मात्र त्यांचं ऐकत नसे. हे मला त्यांच्या मागे बसून कळलं.

मी दिल्लीत आले त्या पहिल्याच संक्रांतीला ते मला पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी, घेऊन गेले होते. दर संक्रांतीला ते तिथे मोटारसायकलनं जायचे, एकटे. मी उत्साहानं येते म्हटलं आणि निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात पस्तावले. धुकं असं होतं की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसावा. मी दोन स्वेटर, शाल आणि नवऱ्याची कानटोपी घालून मागे बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला गाडी पुढे सरकत होती. सबनीस दोन्ही पाय जमिनीला घासत तिला धरून ठेवायचे. हिरवा दिवा लागला की गिअरचा खाट् असा आवाज व्हायचा, आजूबाजूचे लोक वळून बघायचे. मी विचारलं, की काका, लोकांच्या गाड्या तुम्ही लोण्यासारख्या करून देता, मग तुमच्या गाडीला हे काय झालंय? तिला तशीच सवय आहे, एवढंच ते म्हणाले.

सोनीपतच्या पुढे क्लचची केबल तुटली. मला वाटलं, आता इथेच संक्रांत. सबनीस शांतपणे खाली उतरले. जुन्या केबलला लागून त्यांनी आधीच एक नवी केबल चिकटपट्टीनं बांधून ठेवली होती. फक्त टोकं बदलायची. दहा मिनिटांत गाडी तयार झाली. तुटलेली केबल त्यांनी टाकली नाही. तिच्यावर मध्यावर पेचाचा एक भाग असतो, जिथून सैलपणा कमीजास्त करतात. त्या पेचावर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ होती. केबल गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. निघताना मला म्हणाले, "नवी केबल पहिले आठ दिवस ताणली जाते, वैद्यबाई. कितीही चांगली लावा, आठ दिवसांनी परत बघावीच लागते. लोक इथेच चुकतात. नवी आहे म्हणतात आणि बघत नाहीत."

काला अंबला बसनं आलेली बरीच मराठी मंडळी होती. घोषणा चालल्या होत्या, फेटे बांधलेले लोक फोटो काढत होते. सबनीस त्यांच्यात गेले नाहीत. एका बाजूला हात जोडून पाच मिनिटं उभे राहिले, तिथल्या माळ्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, मला दिला, स्वतः खाल्ला. मग गाडीकडे येताना म्हणाले, की इतिहास मला फार कळत नाही, पण इथे आलं की एकच वाटतं, घर केवढं लांब राहिलं होतं त्या लोकांचं. मला पुण्याची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते थंडीचं आहे असं दाखवणं सोपं होतं.

पुढच्या रविवारी मी खाली गेले तर सबनीस तुटलेली केबल नव्या केबलशेजारी ठेवून कंपासपेटीतल्या दोन टोकांच्या काट्यानं अंतर मोजत होते. जुनीवर जिथे पांढरी रेघ होती, नेमकी तिथेच त्यांनी नवीवर रेघ काढली, कुंचल्याच्या एका केसानं म्हणावी अशी. मग पेच त्या रेघेपर्यंत आणला. गुण्याचा तुकडा फलाटीनवर तसाच पडून होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. नकाशे काढणाऱ्या माणसाचं वेड, असं मी मनात म्हटलं आणि वर येऊन भाजी फोडणीला टाकली.

त्यांचा रविवार ठरलेला. आठला क्लच. नऊला गाडी घेऊन कस्तुरबा गांधी मार्गावर, तिथल्या आपल्या राज्याच्या सरकारी गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडा खायला. साडेदहाला परत. मग गाडी पुसून, तोंड फाटकाकडे करून उभी करायची आणि शेजारी खुर्ची टाकून एक वाजेपर्यंत उन्हात बसायचं. उन्हाळ्यात सावलीत. हातात वर्तमानपत्र असे, पण घडी मोडलेली नसे. एकच्या सुमाराला माझी घंटी वाजायची. दारात सबनीस, हातात वड्यांचा पुडा. "जास्त आणले गेले, वैद्यबाई. खाऊन टाका." चार वर्षं मी ते वडे आनंदानं खाल्ले. इतक्या नेमक्या माणसाचे दर रविवारी वडे जास्त कसे होतात, हे माझ्यासारख्या फायली तपासणाऱ्या बाईच्या एकदाही डोक्यात आलं नाही.

चौथ्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुक्ता येऊन त्यांना घेऊन गेली, सगळं तिनंच केलं, आणि ऑपरेशननंतर दहा दिवस त्यांना आपल्याकडे गुडगावला ठेवून घेतलं. जाताना सबनीसांनी मला किल्ली दिली. एक दिवसाआड किक मारून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. किक कशी मारायची हे त्यांनी मला तीनदा दाखवलं आणि कागदावर आकृती काढूनही दिली.

मी कॉलेजात असताना भावाची मोटारसायकल चालवलेली. एके दिवशी सहज वाटलं म्हणून क्लचची दांडी दाबून पाहिली. ती जवळजवळ मुठीला टेकेपर्यंत नुसतीच सैल येत होती. ओढ लागायची ती अगदी शेवटी. मला एकदम वाईट वाटलं. सिग्नलला सरकणारी गाडी आठवली, खाट् करणारा गिअर आठवला, आणि सगळं स्पष्ट झालं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. मोतीबिंदू डोळ्यांत घेऊन हा माणूस दर रविवारी तास तास बसत होता आणि आपल्याच गाडीचा क्लच त्याला नीट लावता येत नव्हता, आणि सांगणार कुणाला? म्हणून मी बाजारातून बलबीर मिस्त्रीला बोलावून आणलं.

बलबीरनं दांडी दाबली आणि मान हलवली. "मैडम जी, क्लच तो बिल्कुल ढीला है. केबल भी पुरानी है. नई डाल देता हूँ, अंकल जी खुश हो जाएँगे." त्यानं नवी केबल घातली, सैलपणा चोख ठेवला, एक चक्कर मारून आला. गिअर वाजला नाही. जुनी केबल तो आपल्या पिशवीत टाकून घेऊन गेला. मला इतकं समाधान वाटलं की मी त्याला चहा पाजला.

सबनीस दहाव्या दिवसाऐवजी सातव्याच दिवशी परत आले, काळा चष्मा लावून. तिथे खिडकी उघडत नाही, म्हणाले. मी मोठ्या उत्साहानं त्यांना गाडीपाशी नेलं आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी दांडी दाबली, एकदाच. मग वाकून केबलवर बोट फिरवलं, पेचापाशी बोट थांबलं. चष्म्यामुळे मला त्यांचे डोळे दिसले नाहीत. "चांगलं केलंत," म्हणाले, आणि किल्ली घेऊन आत गेले.

त्या रविवारी आठ वाजता आवाज आला नाही. ऑपरेशन झालंय, विश्रांती घेत असतील, असं वाटलं. पुढच्या रविवारीही आला नाही. एक वाजता घंटी वाजली नाही. सकाळी मी अंथरुणात पडून त्या टक् आवाजाची वाट बघत होते हे मला कळलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. मी उठले आणि खाली गेले.

दार उघडंच होतं. सबनीस खुर्चीत बसले होते. समोर भिंतीवर खिळ्याला एक लाल हेल्मेट टांगलेलं होतं; ते मी चार वर्षं बघत होते आणि ते त्यांचं आहे असं समजत होते. पण ते लहान होतं. त्यांच्या डोक्यात शिरलंच नसतं. मी म्हटलं, "काका, माझं काही चुकलं का?"

त्यांनी समोरच्या हेल्मेटकडे पाहिलं. मग जे सांगितलं ते असं. मुक्ता एकोणीस वर्षांची असताना गाडी शिकली. त्यांनीच शिकवली, यमुनेच्या पुलाकडच्या मोकळ्या रस्त्यावर. पण तिची बोटं आईसारखी आखूड. क्लचची दांडी तिच्या बोटांत पुरती यायची नाही, जोर लागायचा नाही, गाडी बंद पडायची, ती रडायची. मग त्यांनी केबल सैल करत करत आणली. ती दांडी धरून बसायची आणि हे पेच फिरवायचे, जिथे दांडी तिच्या बोटांच्या आवाक्यात आल्यावर ओढ लागायला लागली तिथे ती म्हणाली, "बस, बाबा." तिथे त्यांनी पांढरी रेघ काढली. गाडी थोडी सरकायची, गिअर वाजायचा, पण मुक्ताला चालवता यायची. तीन वर्षं ती त्या गाडीनं कॉलेजला गेली. नोकरीसाठी गुडगावला गेली तेव्हा म्हणाली, बाबा, क्लच असाच ठेवा हं, मी रविवारी येऊन चालवणार.

"म्हणून ठेवला," सबनीस म्हणाले.

त्या दिवसाला नऊ वर्षं झाली होती. मला तेव्हा रविवार कळला. खुर्ची कळली, फाटकाकडे तोंड करून उभी केलेली गाडी कळली. ते वडेही कळले. मी चार वर्षं मुक्ताचा वाटा खात होते. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, मला फार एकटं वाटलं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

मी विचारलं, की तुम्ही एवढे नकाशे काढणारे, ते माप कुठे आकड्यात का नाही लिहून ठेवलं? ते थोडं हसले. "हाताचं माप होतं, वैद्यबाई. आकड्यात कशाला लिहायचं? हात येणारच होता."

बलबीरकडे मी धावत गेले. केबल भंगारात गेली होती. मग मी सबनीसांना म्हटलं, की माझे हातही लहान आहेत, मी दांडी धरते, तुम्ही पेच फिरवा. आम्ही तासभर प्रयत्न केला. ते फिरवायचे, मी दाबायचे, ते विचारायचे, इथे? मला सगळीकडेच बरं वाटत होतं. शेवटी त्यांनी पाना फलाटीनवर ठेवला आणि म्हणाले, राहू द्या, तुमचा दोष नाही, हात ज्याचा त्याचा असतो. मग गुण्याचा तुकडा लावून त्यांनी क्लच बलबीरनं ठेवला होता तिथेच परत आणला.

मुक्ताला फोन करू नका असं त्यांनी मला बजावलं होतं. ती कामात असते. मी जिना चढून वर आले आणि केला. फोनवर मी तिला जरा बोललेच; नातं नसताना बोलू नये इतकं बोलले. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी असं म्हणाले होते? मला खरंच आठवत नाही."

पुढच्या रविवारी ती आली. सबनीसांना मी काही सांगितलं नव्हतं, तरी आठ वाजता खाली टक् वाजलं होतं; सवयच ती. पावणेनऊला कॅब थांबली आणि मुक्ता उतरली. उंच बूट, जाड जॅकेट, हातात स्वतःचं काळं हेल्मेट. सबनीस उभे राहिले. त्यांच्या हातात पाना होता तो त्यांनी या हातातून त्या हातात घेतला, परत या हातात घेतला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले.

"बसतेस?" त्यांनी विचारलं. "माप घ्यायचं आहे. नवी केबल आहे."

मुक्ता गाडीवर बसली. दांडी दाबली, सोडली, परत दाबली. सबनीस वाकून, पेचावर पाना लावून, तिच्या तोंडाकडे बघत होते. "अजून सैल करू? तू सांग. तू बस म्हण, मी थांबतो."

"बाबा, बिल्कुल बरोबर आहे हे."

"घाई नको करूस. नीट बघ. बोटं पुरतात?"

"पुरतात, बाबा. मी आता चालवते ना. ऑफिसचा ग्रुप आहे आमचा, संडेला सकाळी आम्ही सगळे बाइक घेऊन अरावलीकडे जातो. मी भाड्यानं घेते. दोन वर्षं झाली." तिनं खाली मान घातली. "तुम्हाला टेन्शन येईल म्हणून नाही सांगितलं."

सबनीसांनी खाली पडलेला गुण्याचा तुकडा उचलला आणि दांडीच्या मुळाशी लावला. तो अलगद बसला. ते हसायला लागले. म्हणजे इतकी वर्षं मी उगाच सिग्नलला पाय घासत होतो, असं म्हणाले आणि परत हसले. मुक्ताही हसली आणि हसता हसता तिनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी वर निघून आले, कारण तिथे आता माझं काही काम नव्हतं.

बाल्कनीतून पाहिलं. तिनं गल्लीत एक चक्कर मारली, मग दुसरी, मग मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. सबनीस फाटकात उभे राहून कान देऊन ऐकत होते. गिअर एकदाही वाजला नाही. परत आल्यावर ती काहीतरी म्हणाली आणि ते जोरजोरानं मान डोलावू लागले. नंतर कळलं ते असं, की गाडी मी घेऊन जाऊ का, असं तिनं विचारलं होतं. जुन्या गाडीची ग्रुपमध्ये सगळ्यांना फार क्रेझ आहे म्हणे. सबनीसांनी आतून कागदपत्रं आणली, फाइलीला लावलेली, वर ठाशीव अक्षरांत 'गाडी'. लाल हेल्मेटही आणलं, पण त्याच्या आतला स्पंज हात लावताच गळून पडला. वडे मात्र तिनं खाल्ले. सबनीस तिच्याच मागे बसून कस्तुरबा गांधी मार्गाला जाऊन आले होते. त्या दिवशी एक वाजता माझी घंटी वाजली नाही याचा मला मनापासून आनंद झाला.

दुपारी ती निघाली तेव्हा मीही खाली होते. सबनीसांनी तिला टायरची हवा, तेलाची पातळी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "नवी केबल आहे, बेटा. आठ दिवसांत ताणली जाईल. पुढच्या रविवारी घेऊन ये. पाच मिनिटांचं काम आहे, मी लावून देतो."

"नक्की, बाबा," मुक्ता म्हणाली आणि गेली. गाडी उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग उरला.

पुढच्या रविवारी आठ वाजता मी बाल्कनीत आले. सबनीसांनी डागाशेजारी फलाटीन अंथरलं होतं. पाने उंचीप्रमाणे मांडले होते, शेवटी गुण्याचा तुकडा. शेजारी खुर्ची. बाहेरच्या रस्त्यावरून मोटारसायकल गेली की त्यांची मान वर व्हायची आणि आवाज ओळखून खाली जायची. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. मी चहा घेऊन खाली गेले होते, त्यामुळे त्यांच्या बाजूचं बोलणं मला ऐकू आलं. मुक्ता ग्रुपबरोबर अरावलीत कुठेतरी होती. क्लच सैल झाला होता खरा, पण तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच एक माणूस येतो, त्यानं शनिवारी करून दिला होता.

"सैल किती ठेवला त्यानं?" सबनीसांनी विचारलं. मग ऐकत राहिले. "नाही, नाही, माहीत नसलं तरी चालेल. गाडी बरी चालते ना? मग झालं. सावकाश जा."

फोन खिशात ठेवून त्यांनी पाने एकेक करून पुसले. एकालाही तेल लागलेलं नव्हतं. मग मी वर जाऊन माझ्या स्कूटरची किल्ली घेऊन आले आणि स्कूटर त्यांच्यासमोर उभी केली. माझ्या स्कूटरला क्लच नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी म्हटलं, मागचा ब्रेक जरा सैल वाटतोय. त्यांनी बघितला, पेच अर्धा फेरा फिरवला, आणि गुण्याचा तुकडा लावून पाहिला, जरी ब्रेकला त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर दर रविवारी माझा मागचा ब्रेक सैल होऊ लागला. शनिवारी संध्याकाळी मीच पान्यानं करून ठेवायचे. तीन-चार महिन्यांनी ते एकदा म्हणाले, "वैद्यबाई, हा नट आपोआप फिरणारा नाही." मी म्हटलं, दिल्लीचे रस्तेच तसे आहेत. त्यांनी मान हलवली आणि पाना लावला.

मुक्ता येत राहिली. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त आली, दोन महिन्यांतून एकदा तरी. पण रविवारी नाही. रविवारी ती गाडीवर असायची.

पुण्याला बदली होऊन मी निघाले तो दिवसही रविवारच होता. सामान आदल्या दिवशी गेलं होतं, स्कूटर विकून झाली होती. सकाळी सव्वाआठला टॅक्सी आली. सबनीस जिन्याखाली उन्हात होते. फलाटीन अंथरलेलं, पाने मांडलेले. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, की पोचल्यावर कळवा, आणि आता नवीन स्कूटर घ्याल तेव्हा आठ दिवसांनी केबली परत बघून घ्या. मी बघते म्हटलं.

टॅक्सी फाटकापाशी वळायला थांबली तेव्हा मी मागे पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक मोटारसायकल येत होती, जड, जुन्या धाटणीच्या आवाजाची. सबनीस खुर्चीतून अर्धवट उठले होते. एका हातात पाना होता. गाडी फाटकावरून तशीच पुढे निघून गेली. तिचा आवाज पार बंद होईपर्यंत ते तसेच उभे होते. मग खाली बसले आणि तो पाना फलाटीनवर त्याच्या जागी ठेवला.